विल्सन डिसीज: रोग ओळखला, पण तांब्याचा पत्ता लागला नाही; डॉ. किनिअर विल्सन यांची गोष्ट

रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्या उठल्या प्यायचं. हा सल्ला तुम्हाला आजीने तरी दिला असेल, नाहीतर इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या रीलने तरी. तांबं शरीराला लागतं, हे खरंच आहे. पण किती लागतं? दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. जास्तीचं तांबं यकृत, म्हणजे आपलं लिव्हर, पित्तावाटे बाहेर टाकून देतं. आपल्याला त्याची खबरही लागत नाही.

काही मुलांच्या शरीराला मात्र हे जमत नाही. जन्मापासून तांबं साठत जातं. आधी यकृतात, मग मेंदूत, डोळ्यांत. दहा-पंधरा वर्षं काहीच दिसत नाही. मग एक दिवस शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं अक्षर बिघडतं. हात थरथरतो. बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं, अभ्यासाचं टेन्शन असेल. कुणी म्हणतं, मनाचा आजार आहे. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी आहे.

या आजाराचं नाव विल्सन डिसीज. लाखात मोजक्याच लोकांना होणारा हा आजार एकेकाळी हमखास जीव घ्यायचा. आज वेळेत कळला तर माणूस साधं, सरळ आयुष्य जगू शकतो. ज्या डॉक्टरांचं नाव या आजाराला लागलं, त्यांनी तो अगदी बारकाईने ओळखला. पण त्यामागे तांबं आहे, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

कोण होते हे विल्सन? आणि त्यांचं अर्धं राहिलेलं काम रक्तातल्या एका निळ्या प्रथिनाने कसं पुढे नेलं? तीच ही गोष्ट.

जन्म अमेरिकेत, शिक्षण स्कॉटलंडमध्ये

सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन यांचा जन्म 1878 सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या सीडरव्हिल या छोट्या गावातला. वडील आयरिश वंशाचे, प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मगुरू. मुलगा अगदी लहान असतानाच वडील गेले. आई मुलाला घेऊन स्कॉटलंडमध्ये एडिनबराला आली. त्यामुळे जन्माने अमेरिकन असलेले विल्सन वाढले ते पक्के एडिनबराकर म्हणून.

शाळा तिथलीच, जॉर्ज वॉटसन्स कॉलेज. पुढे एडिनबरा विद्यापीठातून 1897 मध्ये एमए आणि 1902 मध्ये डॉक्टरकीची पदवी. त्यावर पुन्हा शरीरक्रियाशास्त्रात बीएससी. एडिनबराच्या रॉयल इन्फर्मरी या मोठ्या रुग्णालयात त्यांना सर बायरम ब्रॅमवेल यांच्या हाताखाली काम करायला मिळालं. मेंदू आणि मज्जासंस्थेचे आजार हीच आपली वाट, हे तिथे ठरलं.

त्या काळी या विषयाची पंढरी होती पॅरिस. 1903 मध्ये विल्सन तिकडे गेले.

पॅरिसमध्ये मिळालेला तळपायाचा धडा

पॅरिसमध्ये त्यांना दोन नामांकित गुरू भेटले. पिएर मारी आणि जोसेफ बाबिन्स्की. यातले बाबिन्स्की आज प्रत्येक एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला माहीत असतात, ते एका साध्या तपासणीमुळे.

ही तपासणी अशी. रुग्णाच्या तळपायावर टाचेकडून बोटांकडे टोकदार वस्तूने रेघ ओढायची. मोठ्या माणसात पायाची बोटं सहसा खाली वळतात. पण अंगठा वर उचलला गेला, तर समजायचं की मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणारा मुख्य मार्ग कुठेतरी बिघडला आहे. या मार्गाला पिरॅमिडल मार्ग म्हणतात. पक्षाघातात, म्हणजे लकवा मारतो तेव्हा, बहुतेक वेळा हाच मार्ग तुटलेला असतो. बाबिन्स्की यांनी ही खूण 1896 मध्ये मांडली होती. ना मशीन, ना रक्ताची चाचणी. एक रेघ आणि डॉक्टरची नजर, बस.

विल्सन हे शिकून आले. काही वर्षांनी हीच साधी तपासणी त्यांना त्यांच्या सर्वात मोठ्या शोधापर्यंत घेऊन गेली.

फ्रेंच भाषेवरही त्यांचं चांगलं प्रभुत्व होतं. डोळे मिचकावणं, खांदे उडवणं अशा आपोआप होणाऱ्या हालचालींना टिक्स म्हणतात. त्यावरच्या मेज आणि फांदेल या फ्रेंच डॉक्टरांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद विल्सन यांनीच केला. तो 1907 मध्ये आला.

क्वीन स्क्वेअरचं रुग्णालय

पॅरिस आणि जर्मनीतल्या लायपझिगचा मुक्काम आटोपून विल्सन 1904 मध्ये लंडनला आले आणि क्वीन स्क्वेअर या चौकातल्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या रुग्णांसाठीच असलेलं हे रुग्णालय. ह्युलिंग्ज जॅक्सन, विल्यम गॉवर्स, व्हिक्टर हॉर्स्ली अशी या शास्त्रातली दिग्गज नावं तिथलीच.

त्या काळी सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. जिवंत माणसाच्या मेंदूत काय चाललंय, हे बघायचा मार्गच नव्हता. म्हणून डॉक्टर दोन टप्प्यांत काम करायचे. रुग्ण जिवंत असताना त्याची प्रत्येक हालचाल, प्रत्येक लक्षण लिहून ठेवायचं. रुग्ण दगावला की शवविच्छेदन करून मेंदू तपासायचा आणि आधीच्या नोंदींशी ताडून बघायचा. विल्सन दोन्ही कामांत तरबेज होते. वॉर्डात रुग्ण तपासायचे आणि प्रयोगशाळेत मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

तरुण मुलं, एकच आजार

याच रुग्णालयात विल्सन यांना काही तरुण रुग्ण दिसले. त्यांचं दुखणं ओळखीच्या कुठल्याच आजारात बसत नव्हतं.

हातपाय थरथरत होते. अंग ताठ होत चाललं होतं. बोलणं अस्पष्ट, पुढे तर जवळजवळ बंदच. घास गिळताना त्रास. तोंड अर्धवट उघडं, लाळ गळतेय. कारण नसताना हसू फुटायचं. हातपाय हळूहळू आखडून जायचे. काही जण काही महिन्यांत गेले, काही जण काही वर्षांत. पण त्या काळी वाचलं कुणीच नाही.

हे पाहून कुणालाही पक्षाघाताचाच प्रकार वाटला असता. इथे पॅरिसचा धडा कामी आला. तळपायावर रेघ ओढली तर अंगठा वर येत नव्हता. म्हणजे मुख्य मार्ग शाबूत होता. स्पर्श, वेदना सगळं कळत होतं. हातपाय ताठ होते, पण लुळे नव्हते.

मुख्य रस्ता ठीक आहे आणि तरी गाडी चालत नाही, म्हणजे बिघाड दुसरीकडे आहे.

तो कुठे, हे शवविच्छेदनात दिसलं. मेंदूच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, भिंगाच्या आकाराचा एक भाग असतो. म्हणून त्याचं नाव लेंटिक्युलर न्यूक्लियस. या रुग्णांमध्ये नेमका तोच भाग दोन्हीकडे झिजला होता. कुठे मऊ पडला होता, कुठे चक्क पोकळी झाली होती.

आणि दुसरी गोष्ट जास्त चक्रावणारी होती. यकृत. ते आकसलेलं, कडक, गाठीगाठींचं झालं होतं. याला सिऱ्होसिस म्हणतात. एरवी हे नाव घेतलं की दारू आठवते. पण ही पोरसवदा मुलं. त्यातही कमाल म्हणजे, जिवंत असताना यकृताची तक्रार यांच्यापैकी बहुतेकांनी केलीच नव्हती.

मेंदू कुठे, यकृत कुठे. दोन्ही एकाच वेळी का बिघडावेत?

200 पानांचा लेख

विल्सन यांनी स्वतः पाहिलेले रुग्ण चारच होते. मग त्यांनी रुग्णालयाची जुनी दफ्तरं उपसली. इतर डॉक्टरांनी पूर्वी छापलेल्या नोंदी चाळल्या. गॉवर्स यांनी 1888 मध्येच अशा भावंडांचं वर्णन केलं होतं, पण वेगळ्याच नावाखाली. अशा विखुरलेल्या केसेस विल्सन यांनी एका धाग्यात ओवल्या आणि सांगितलं की हे सगळे वेगवेगळे आजार नाहीत, हा एकच आजार आहे.

1911 मध्ये एडिनबरा विद्यापीठात त्यांनी हाच विषय एमडीच्या प्रबंधासाठी मांडला. प्रबंधाला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी, 1912 मध्ये, ब्रेन या नियतकालिकात तो लेख म्हणून छापून आला. लेख कसला, पुस्तकच. 200 पेक्षा जास्त पानं.

त्यांनी आजाराला दिलेलं नाव लांबलचक होतं: प्रोग्रेसिव्ह लेंटिक्युलर डिजनरेशन. लोकांनी ते बाजूला ठेवलं आणि विल्सन डिसीज हे सुटसुटीत नाव रूढ झालं.

या लेखाने आणखी एक मोठी गोष्ट केली. शरीराची हालचाल फक्त त्या एका मुख्य मार्गावर चालत नाही. खोलवरचे हे भागही हालचाल घडवतात आणि तिला लगाम घालतात, हे विल्सन यांनी ठामपणे मांडलं. या दुसऱ्या व्यवस्थेला त्यांनी एक्स्ट्रापिरॅमिडल म्हटलं. पार्किन्सन्ससारख्या आजारांबद्दल बोलताना डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात.

मग चुकलं कुठे?

विल्सन यांच्या लेखात तीन महत्त्वाच्या गोष्टी निसटल्या. त्या समजून घ्यायला हव्यात, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट आज या आजाराच्या निदानात वापरली जाते.

पहिली गोष्ट, आजाराचं कारण. यकृतातून काहीतरी विष निघत असावं आणि ते मेंदूचा ठरावीक भाग खात असावं, असा त्यांचा अंदाज होता. अंदाज बऱ्यापैकी योग्य दिशेने होता. पण ते विष म्हणजे तांबं, हे त्यांना कळलं नाही. गंमत म्हणजे 1913 मध्ये, म्हणजे लेख छापल्यावर वर्षभरातच, जर्मनीत रुम्पेल यांना अशाच एका रुग्णाच्या यकृतात भरपूर तांबं सापडलं होतं. पण तो धागा पकडून कुणी फार पुढे गेलं नाही.

दुसरी गोष्ट, डोळे. बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी रंगाचं एक कडं दिसतं, हे जर्मन डॉक्टर कायझर यांनी 1902 मध्ये आणि फ्लायशर यांनी 1903 मध्ये नोंदवलं होतं. हे कडं तांब्याचंच असतं. मेंदूची लक्षणं आलेल्या विल्सन डिसीजच्या बहुतेक रुग्णांत ते दिसतं. पण विल्सन यांच्या त्या 200 पानांत या कड्याला जागा मिळाली नाही.

तिसरी गोष्ट, आनुवंशिकता. भावंडांना हा आजार होतो, हे विल्सन यांनी बरोबर टिपलं. पण आईवडील तर धडधाकट होते. म्हणून हा आजार कुटुंबात आढळतो, तरी आनुवंशिक नाही, असं त्यांचं मत बनलं. प्रत्यक्षात आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे सदोष जनुकाचे दोन्ही डाव एकाच मुलावर पडले तरच हा आजार होतो. एकच सदोष जनुक असलेल्या आईवडिलांना काहीही होत नाही. 1921 मध्ये डेन्मार्कच्या हॉल यांनी अनेक कुटुंबांचा अभ्यास करून हे गणित मांडलं.

या चुकांमुळे विल्सन छोटे ठरत नाहीत. आजार एक आहे, हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. त्याशिवाय त्याचं कारण शोधायचं तरी कशाचं?

दबदबा, कॅमेरा आणि संपादकाची खुर्ची

1912 नंतर विल्सन यांचं नाव जगभर झालं. 1913 मध्ये त्यांनी अ‍ॅनी लुईसा ब्रूस यांच्याशी लग्न केलं. सासरे अलेक्झांडर ब्रूस हेही एडिनबरातले मेंदूतज्ज्ञ. विल्सन दाम्पत्याला तीन मुलं झाली. त्यातले जेम्स पुढे केंब्रिजमध्ये प्राचीन बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्या वाचणारे अभ्यासक झाले. त्या पाट्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी फेफरं आणि पक्षाघाताची वर्णनं लिहून ठेवली आहेत. जेम्स यांनी त्यांचाही अभ्यास केला. वडील रुग्ण बघून लिहायचे, मुलगा तेच लिहिलेलं वाचत राहिला.

1914 मध्ये विल्सन यांनी माकडांवर प्रयोग करून मेंदूच्या त्याच खोल भागाचं काम समजून घ्यायचा प्रयत्न केला. 1919 मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मेंदूतज्ज्ञ झाले. 1920 मध्ये त्यांनी मज्जासंस्था आणि मनोविकारांवरचं एक नियतकालिक सुरू केलं आणि अखेरपर्यंत त्याचं संपादन केलं. ते नियतकालिक वेगळ्या नावाने आजही निघतं आणि या क्षेत्रातल्या मोठ्या नियतकालिकांत गणलं जातं.

1924 मध्ये त्यांनी आणखी एका विचित्र लक्षणावर लिहिलं. आपसूक येणारं हसू आणि रडू. आत दुःख नाही तरी रडू कोसळतं, आनंद नाही तरी हसू थांबत नाही. हा स्वभावाचा दोष नाही, मेंदूतला बिघाड आहे, हे ते सांगत होते. मेंदूच्या रुग्णाला वेडा ठरवणं सोपं असतं, त्या काळीही आणि आजही. म्हणून हे सांगणं महत्त्वाचं होतं.

1925 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची मानाची क्रूनियन व्याख्यानं त्यांनी दिली. विषय अर्थातच हालचालींचे विकार. त्याच सुमारास त्यांनी क्वीन स्क्वेअरच्या रुग्णांचं सिनेमाच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. आज रुग्णाची थरथर डॉक्टरला दाखवायला घरचे मोबाइलवर व्हिडिओ काढतात. विल्सन हे शंभर वर्षांपूर्वी करत होते, तेही मूकपटांच्या जमान्यात.

त्यांच्या शिकवण्याचा मोठा बोलबाला होता. भारदस्त व्यक्तिमत्त्व, नाट्यमय शैली. ऐकायला देशोदेशीचे डॉक्टर यायचे.

अखेरच्या वर्षांत ते मज्जासंस्थेच्या आजारांवरचा मोठा ग्रंथ लिहीत होते. तो हाताखाली असतानाच कर्करोगाने त्यांना गाठलं. 12 मे 1937 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. ग्रंथ मागे राहिला. त्यांचे मेव्हणे निनियन ब्रूस यांनी संपादन करून 1940 मध्ये तो दोन खंडांत प्रसिद्ध केला.

विल्सन गेले तेव्हा त्यांच्या आजारावर एकही औषध नव्हतं.

एन्ट्री निळ्या प्रथिनाची

पुढची अकरा वर्षं फारसं काही हललं नाही. मग आलं 1948.

त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. क्वीन स्क्वेअरच्याच रुग्णालयातले जॉन कमिंग्ज यांनी विल्सन डिसीजच्या रुग्णांच्या यकृतात आणि मेंदूत तांबं वाढलेलं असतं, हे मोजून दाखवलं. जिथे विल्सन यांनी आजार ओळखला, त्याच इमारतीत त्याच्या कारणाचा पुरावा मिळाला.

आणि तिकडे स्वीडनमध्ये होल्मबर्ग आणि लॉरेल या दोन शास्त्रज्ञांनी रक्तद्रवातून, म्हणजे प्लाझ्मामधून, एक प्रथिन शुद्ध करून वेगळं काढलं. त्याचा रंग होता निळा. आकाशी निळ्या रंगासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला नाव दिलं सेरुलोप्लास्मिन.

रक्त लाल, प्लाझ्मा पिवळसर, मग हे निळं कुठून आलं? या प्रथिनाच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे सहा अणू घट्ट बसलेले असतात. निळा रंग त्यांचाच. पण प्लाझ्मात ते इतकं थोडं असतं की पिवळ्या रंगात लपून जातं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत असताना त्याचं प्रमाण वाढतं, तेव्हा प्लाझ्मा हिरवट दिसू शकतो. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा, चित्रकलेच्या तासाला शिकलो तसंच.

प्लाझ्मामधलं बहुतांश तांबं याच प्रथिनात असतं. मोठ्या माणसात साधारणपणे दर 100 मिलिलिटरमागे 20 ते 40 मिलिग्रॅम सेरुलोप्लास्मिन आढळतं.

1952 मध्ये अमेरिकेतल्या शाइनबर्ग आणि गिटलिन यांनी विल्सन डिसीजच्या रुग्णांत हे प्रथिन मोजलं. ते फारच कमी निघालं.

विल्सन यांच्या काळात ठोस पुरावा हाती यायचा तो बहुधा मृत्यूनंतर, शवविच्छेदनात. आता जिवंत रुग्णाच्या दंडातून थोडं रक्त घेतलं की धागा हाती लागत होता.

पण तांबं जास्त आणि तांब्याचं प्रथिन कमी, असं कसं?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. शास्त्रज्ञांनाही पडला होता. सुरुवातीला वाटलं, हे प्रथिन नाही म्हणून तांबं मोकाट सुटतं. मग बाहेरून सेरुलोप्लास्मिन देऊनही पाहिलं. पण आजार काही हटला नाही.

खरं उत्तर 1993 मध्ये मिळालं, जेव्हा या आजाराचं जनुक सापडलं. त्याचं नाव एटीपी7बी. हे जनुक यकृताच्या पेशीत तांब्याची ने-आण करणारा एक पंप बनवतं. पंपाला दोन कामं असतात. एक, नव्या सेरुलोप्लास्मिनमध्ये तांबं भरायचं. दोन, जास्तीचं तांबं पित्तात ढकलायचं.

पंप बिघडला की दोन्ही कामं ठप्प. सेरुलोप्लास्मिन रिकामंच बाहेर पडतं आणि रिकामं असल्यामुळे रक्तात लवकर तुटतं. म्हणून चाचणीत ते कमी दिसतं. इकडे पित्तावाटे तांबं जाणं थांबतं आणि ते यकृतात साठत जातं. यकृत भरलं की तांबं रक्तात सांडतं आणि मेंदूत, डोळ्यांत जाऊन बसतं.

थोडक्यात, कमी झालेलं सेरुलोप्लास्मिन हा गुन्हेगार नाही. तो साक्षीदार आहे. याचा पुरावाही आहे. काही मोजक्या लोकांत हे प्रथिन जन्मतःच नसतं. त्यांच्या शरीरात तांबं नाही, तर लोह साठतं. कारण लोहाची वाहतूक सुरळीत ठेवणं हे या प्रथिनाचं खरं काम आहे.

साक्षीदारही कधी कधी चकवतो, हे लक्षात ठेवायला हवं. शरीरात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर हे प्रथिन वाढतं. त्यामुळे विल्सन डिसीज असूनही आकडा ठीक दिसू शकतो. तान्ह्या बाळांत तर ते मुळातच कमी असतं. म्हणून डॉक्टर या एका आकड्यावर थांबत नाहीत. 24 तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांतलं कडं, गरज पडली तर यकृताचा तुकडा आणि जनुकीय चाचणी, असं सगळं जुळवून निदान होतं.

युद्धातल्या विषावरचा उतारा

औषधाची गोष्टही अशीच अनपेक्षित. दुसऱ्या महायुद्धात लुइसाइट या विषारी वायूवर उतारा म्हणून ब्रिटनमध्ये बीएएल नावाचं औषध तयार झालं होतं. ते धातूंना पकडून शरीराबाहेर काढतं. 1951 मध्ये अमेरिकेत डेनी-ब्राउन आणि पोर्टर यांनी ते विल्सन डिसीजच्या रुग्णांना दिलं आणि सुधारणा दिसली. हे डेनी-ब्राउन एकेकाळी क्वीन स्क्वेअरलाच होते. पण बीएएलची इंजेक्शनं फार दुखायची आणि ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागायची.

1956 मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामीन हे पोटात घ्यायचं औषध आणलं. रुग्णाला द्यायच्या आधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं. पुढे ट्रायएंटिन आलं. अन्नातलं तांबं आतड्यात शोषलं जाऊ नये म्हणून झिंकही वापरलं जाऊ लागलं. यकृत पूर्ण निकामी झालं तर यकृत प्रत्यारोपणाचा पर्याय असतो.

विल्सन यांच्या त्या चार रुग्णांपैकी कुणाच्याच नशिबात हे नव्हतं.

मुंबईतली 16 कुटुंबं

भारतात या आजाराकडे लक्ष वेधलं ते मुंबईतल्या डॉक्टरांनी. जेजे रुग्णालयात मेंदूविकारांचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर वाडिया आणि मेंदूच्या पेशींचे अभ्यासक डॉ. दराब दस्तूर यांनी डॉ. मंघानी यांच्यासह 1968 मध्ये न्यूरॉलॉजी या नियतकालिकात 16 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विल्सन डिसीज ही काही फक्त गोऱ्यांच्या देशातली गोष्ट नाही, तो आपल्याकडेही आहे, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आलं.

मग तांब्याच्या भांड्याचं काय?

विल्सन डिसीज तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्याने होत नाही. तो जनुकामुळेच होतो. पण ज्याला तो आहे, त्याने तांब्या-पितळेची भांडी टाळावीत आणि काळीज, शेलफिश, सुकामेवा, चॉकलेट असे तांबं जास्त असलेले पदार्थ डॉक्टरांना विचारूनच खावेत, असं सांगितलं जातं.

एक गोंधळ मात्र टाळायला हवा. 1980च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर आणि ब्रिटिश संशोधकांनी लहान बाळांच्या यकृताच्या एका वेगळ्या आजाराचा माग काढला होता. त्यात कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेल्या दुधातून बाळांच्या पोटात जाणाऱ्या तांब्याकडे बोट दाखवलं गेलं. घरोघरी स्टील आलं आणि तो आजार दिसेनासा होत गेला. तो विल्सन डिसीज नव्हता. पण जास्तीचं तांबं यकृताला काय करू शकतं, हे त्यातूनही दिसलं.

आज हे कळायला का हवं?

जुन्या अंदाजानुसार साधारण 30,000 माणसांत एकाला विल्सन डिसीज असतो. आजार दुर्मीळ असल्यामुळे तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. किशोरवयीन मुलाची वारंवार होणारी कावीळ, बिघडलेलं अक्षर, थरथरणारा हात, अचानक बदललेला स्वभाव, घसरलेले मार्क. प्रत्येक गोष्टीला घरात दुसरंच काहीतरी कारण सापडतं. त्यात महिने जातात आणि तेवढ्यात मेंदूचं नुकसान होऊन बसतं. अशा वेळी डॉक्टरांना विल्सन डिसीजची शक्यता आहे का, एवढं विचारलं तरी चालतं.

निदान झालं की दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. एक, औषध आयुष्यभराचं आहे. बरं वाटलं म्हणून ते बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. दोन, सख्ख्या भावंडांची तपासणी. आईवडील तेच असतील तर प्रत्येक भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, वरून ते कितीही ठणठणीत दिसत असलं तरी. लक्षणं यायच्या आधी औषध सुरू झालं, तर तो थरथरणारा हात कधी दिसतही नाही.

एका घरातल्या भावंडांना एकच आजार होतो, हे विल्सन यांनी 1912 मध्येच लिहून ठेवलं होतं. तेव्हा त्या दुसऱ्या भावंडासाठी ते काहीच करू शकत नव्हते. आज करता येतं. फक्त त्याला वेळेत दवाखान्यात न्यायला हवं.